एक तारखेनंतर

डिसेंबरचा शेवटचा आठवडा लागला की त्या बाइंडिंगच्या दुकानात माणसाला शिंकायलाही फुरसत नसायची. कॅलेंडरं, डायऱ्या, शाळांच्या वह्या, सगळ्यांना सगळं नवीन वर्षाच्या आत हवं असायचं. आणि अशा घाईत दुकानाची फोरमन यंदा येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला थांबवून एकच गोष्ट विचारत होती. गेल्या वर्षी आम्ही एक पॅड भेट दिलं होतं, ते शिल्लक आहे का? असलं तर जरा आणून दाखवाल का?

लोक बुचकळ्यात पडायचे. औषधवाल्याने विचारलं, दिलेली भेट परत घ्यायची नवी पद्धत निघाली की काय. शाळेच्या क्लार्कला वाटलं, पॅडात काही चूक राहिली असेल आणि ती लपवायला चाललंय. तो मुद्दाम उरलेलं अर्धं पॅड घेऊन आला आणि समोर उभा राहून बघत बसला. फोरमनने एकेक पान उलटलं, पॅड परत केलं, आभार मानले. त्यात काही नव्हतं. साठेक पॅडं वाटली होती, त्यातली चाळीस तरी तिने वर्षभरात अशी उलटून पाहिली होती. कशासाठी, ते घरात कुणालाच माहीत नव्हतं.

फोरमन म्हणजे या घरची एकुलती एक लेक, वय वर्षं तीस. पाच वर्षांची असताना स्टुलावर उभी राहून, कमरेवर हात ठेवून, हा गठ्ठा वाकडा लागलाय म्हणून ती आजोबांना ओरडली होती. गठ्ठा खरंच वाकडा लागला होता. त्या दिवसापासून आबांनी तिला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारली नाही, आणि आबांनी ठेवलेलं नाव बदलायची टाप कुणाची होती? खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं. पुढे दुकान खरंच तिच्या हाती आलं तेव्हा आबांनी जाहीर केलं की माणसाचं नाव वीस वर्षं आधी ओळखणारा बाइंडर या गावात एकच आहे.

आबांबद्दल सांगायचं तर हातांपासूनच सुरुवात करायला हवी, कारण ते स्वतः तिथूनच करायचे. चाळीस वर्षं कागद कापायच्या मशीनवर काढली आणि दहाच्या दहा बोटं शाबूत. हे त्यांचं एकमेव बक्षीस. नवीन माणूस दुकानात आला की आधी दोन्ही पंजे वर करून त्याला दाखवायचे. एकदा एक सरकारी माणूस तपासणीला आला, आणि म्हाताऱ्याने न विचारताच हात वर केलेले पाहून तोच घाबरला. आई ही गोष्ट सांगताना अजूनही पदर तोंडाला लावते.

तरुणपणी ते दुसऱ्याच्या छापखान्यात फर्म्यांना, म्हणजे छापून आलेल्या मोठ्या कागदांना, घड्या घालायचे. मग एक जुनं कटिंग मशीन मिळालं, त्याच्याभोवती हे दुकान उभं राहिलं आणि दुकानाच्या डोक्यावर घर. मधे बारा पायऱ्यांचा लाकडी जिना. सकाळी निळा कामाचा कोट अंगात चढवायचा, उजव्या तर्जनीवर पानं मोजायचं रबराचं टोपण बसवायचं आणि उतरायचं. कोटाशिवाय मशीनला हात लावायचा नाही, हा स्वतःला घातलेला नियम. संध्याकाळी कोट खुंटीला, टोपण खिशात, आणि जिना चढताना मागे न बघता म्हणायचे, "येतो गं फोरमन." जाताना कुणी जातो म्हणत नाही, ते तसंच. पण फोरमनला लहानपणी वाटायचं की आबा वर जाऊन लगेच परत येणार आहेत, आणि ती जिन्याखाली वाट बघत उभी राहायची. यायचेही ते कधीकधी, तेवढ्यासाठी.

कागदाच्या बाबतीत म्हातारा महाकंजूष. एका बाजूने बिघडलेला कागद त्यांच्या लेखी रद्दी नव्हताच, तो पाठकोरा. पाठकोऱ्यावर निरोप लिहायचे, पाठकोऱ्यावर फोरमनने बाराखडी गिरवली, पाठकोऱ्यावर आईबाबांच्या लग्नाचे पाहुणे मोजले गेले. वर्षभर साठलेल्या पाठकोऱ्याची डिसेंबरात पॅडं व्हायची. कागद मधोमध कापायचा, मागे पुठ्ठा, डोक्याला सरस लावायचा आणि कॅलेंडराबरोबर गिऱ्हाइकाला भेट द्यायचं. माणसाची सुद्धा एक बाजू बिघडते, म्हणून काय त्याला टाकून देतात, असं ते म्हणायचे. बाबांवर रागावले असले की हे जरा जास्तच मोठ्याने म्हणायचे.

त्यांचं अक्षरही सगळ्यांहून वेगळं. आधी नुसती अक्षरं लिहायची, डोक्यावर रेघ नसलेली, उघडीबोडकी. मग एका दमात वरून रेघ ओढायची, अशी सरळ की पट्टी लावल्याचा संशय यावा. त्याला ते दाब देणं म्हणायचे. कटिंग मशीनमध्ये आधी दाब खाली येतो, गठ्ठा घट्ट धरतो, मगच पाती उतरते. रेघ दिली की शब्द हलत नाही, फोरमन, हे त्यांचं व्याकरण. फोरमनही तसंच लिहायला शिकली आणि शाळेत त्यासाठी कान उपटून घेतले.

या घराचा आणखी एक नियम होता आणि तो कुणी केला नव्हता, धंद्यानेच केला होता. डिसेंबरात जे काही निघेल ते एक तारखेनंतर. दाढ दुखतेय? एक तारखेनंतर. नवराबायकोचं भांडण, पाहुण्यांचं येणं, छपराची गळती, सगळं एक तारखेनंतर. दोन जानेवारीला या घरात एकदम चार आजारी आणि दोन भांडणं निघायची. आबा म्हणायचे, या घरात मरायचं झालं तरी माणसाने एक तारखेनंतर मरावं, नाहीतर उचलायला कुणी मोकळं सापडायचं नाही. सगळे हसायचे. गेल्या वर्षी एकतीस डिसेंबरला सकाळी आबा गेले. सगळं आयुष्य नियमाने वागलेल्या माणसाने तेवढा एक नियम मोडला.

त्याच्या आधी सप्टेंबरात घशाचं ऑपरेशन झालं होतं. गाठ निघाली, आवाजही निघून गेला. दिवसभर बोलणारा, गिऱ्हाइकाला टोमणे मारणारा, रेडिओशी भांडणारा माणूस एका दिवसात मुका झाला. मग पाठकोरे कागद आणि लाल-निळी पेन्सिल, हाच त्यांचा आवाज. निळ्याने साधं बोलणं, लालने रागावणं. पहिले पंधरा दिवस लालच जास्त चालली.

ऑक्टोबरात एकदा सगळे जेवायला वर असताना आबा गुपचूप खाली उतरले आणि डायऱ्यांच्या कव्हरांचा एक गठ्ठा कापून मोकळे झाले. हात कापरा झाला होता. गठ्ठा तिरका गेला, तीनशे कव्हरं वाया. फोरमन खाली आली, पाहिलं, आणि कामगारांच्या देखत आबांवर बरसली. बोट गेलं असतं म्हणजे? काय ऐट होती ती दहा बोटांची, ती एका मिनिटात गेली असती. यापुढे मला विचारल्याशिवाय मशीनपाशी यायचं नाही. तिला राग कव्हरांचा नव्हता, भीती बोटांची होती, पण ऐकणाऱ्याला राग तेवढा ऐकू येतो. आबांनी कोपऱ्यातला एक पाठकोरा घेतला, त्यावर निळ्याने लिहिलं, "बरं, फोरमन." रेघ दिली, कागद तिच्या हातात ठेवला आणि वर गेले.

त्या दिवसापासून ते जिन्याच्या तोंडाशी, वरच्या पायरीला लागून ठेवलेल्या खुर्चीत बसू लागले. आईने कितीदा सांगितलं की तिथे वारा लागतो, आत बसा. आत काही दिसत नाही, असं त्यांनी लिहून दिलं.

तीस डिसेंबरची दुपार. फोरमन सकाळपासून मशीनवर उभी होती, कारण कापणारा माणूस तापाने पडला होता. पायात गोळे, खांदे भरून आलेले. तिच्या डाव्या हाताला पाठकोऱ्याचा ढीग होता, पॅडांसाठी लावलेला. तेवढ्यात पायऱ्या वाजल्या. कठडा धरून एकेक पायरी उतरत आबा आले आणि तिच्यासमोर एक कागद धरला. फोनवर एक गिऱ्हाईक, दारात टेम्पो, बाबा आतून विचारतायत गठ्ठा झाला का. फोरमनने मान वर केली नाही. म्हणाली, "ठेवा तिथे आबा. एवढा गठ्ठा झाला की बघते."

एक गठ्ठा व्हायला किती वेळ लागतो हे आबांना नेमकं माहीत होतं. दहा मिनिटं. त्यांनी कागद तिच्या डाव्या हाताला ठेवला. आणि तो ढीग पाठकोऱ्याचा होता.

पुढचं तिला आठवतं ते असं. तिने ढीग उचलला, ठोकून कडा जुळवल्या, मशीनमध्ये सरकवला. दाब खाली आला. पाती उतरली. उचलताना वरच्या कागदावर निळं काहीतरी दिसल्यासारखं झालं, पण तेवढ्यात टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. गठ्ठ्याचे दोन झाले, दोन्ही सरसाला गेले. संध्याकाळी सहाला ती सूप घेऊन वर गेली तर आबा त्याच खुर्चीत झोपलेले, अंगात निळा कोट. थंडी वाजत असेल म्हणून तिने वरून शाल घातली. मांडीवरचे हात झोपेत हलले, तिने त्यावरही शाल ओढली आणि उरलेल्या डायऱ्या मोजायला खाली आली. थोड्या वेळाने बाबांनी आणि आईने त्यांना तसंच धरून पलंगावर नेलं. सकाळी आई चहा घेऊन गेली आणि चहाचा कप तिथेच फुटला.

पॅडं तीसच्या संध्याकाळीच वाटली गेली होती.

भेटायला आलेली माणसं विचारायची, शेवटी काही बोलले का? म्हणजे, लिहिलं का काही? आई सांगायची, नाही हो, त्या दिवशी काहीच लिहिलं नाही, नुसती थंडी वाजत होती त्यांना, कोट घालून बसले होते. हे वाक्य आईने शंभर वेळा सांगितलं असेल आणि शंभर वेळा फोरमन शेजारी उभी राहून गप्प बसली. लिहिलं होतं. आबांचं शेवटचं बोलणं तिच्या डाव्या हाताला होतं आणि तिने ते स्वतःच्या हाताने मधोमध कापून गावात वाटून टाकलं होतं. हे कुणाला सांगायचं आणि कुठल्या तोंडाने?

वर्षभर तिने मनातल्या मनात त्या कागदावर काय काय लिहून पाहिलं. कधी वाटायचं, छातीत दुखतंय असं लिहिलं असेल आणि आपण बघितलं असतं तर डॉक्टर आला असता. हे रोज पहाटे वाटायचं. कधी वाटायचं, निरोपाचं काही असेल. माणसाला कळतं म्हणतात. मग ती स्वतःलाच दटावायची की एवढं काही नसेल, चहा हवा असेल म्हाताऱ्याला. पण चहासाठी कोण बारा पायऱ्या उतरून येतं?

यंदाच्या तीस तारखेला दुपारी टेलरबाईच्या मापवह्या पोचवायच्या होत्या. दोन गल्ल्या सोडून तिचं दुकान. पोचवणारे सगळे बाहेर गेले होते, म्हणून फोरमन स्वतःच निघाली. टेलरबाईला गेल्या वर्षी पॅड मिळाल्याचं तिच्या यादीत नव्हतंच. बाई नमुन्याचा जाड कागद न्यायला आली होती तेव्हा बाबांनी परस्पर एक हातात ठेवलं होतं.

टेलरबाईचं दुकान म्हणजे एक खोली, दोन मशीनं आणि छतापर्यंत लोंबणारे कोट. नवीन वर्षाच्या पार्ट्यांना जाणाऱ्या सगळ्या गावाच्या पँटी तिथे उसवून पडलेल्या. बाईच्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून तिने मानेनेच बसायची खूण केली. फोरमन बसणार तेवढ्यात तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. मशीनच्या वर, डोळ्यांच्या रेषेत, टाचणीने एक कागद लावला होता. अर्धा कागद. त्यावर निळ्या पेन्सिलीची मोठी मोठी अक्षरं, आणि डोक्यावर एका दमात ओढलेली रेघ.

"दमलीस. बस जरा."

फोरमनच्या हातातल्या मापवह्या खाली पडल्या. टेलरबाईने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि काय झालं म्हणून विचारलं. फोरमनने नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं.

बाई हसली. तुमच्याच पॅडात होतं की, ती म्हणाली. पहिलंच पान. आधी तिला वाटलं होतं की नवीन वर्षाचं म्हणून सगळ्यांच्याच पॅडात तसं लिहिलंय. पण दमलीस म्हटलंय म्हणजे बाईमाणसालाच म्हटलंय, आणि या दुकानात बाईमाणूस ती एकटी. चाळीस वर्षं शिवतेय, पण दमलीस का असं घरच्यांनीही कधी विचारलं नव्हतं, मग टाकवेना तो कागद. तशी मी दिवसभर बसलेलीच असते, ती सांगत होती, पण हे वाचलं की मशीन सोडून त्या खिडकीतल्या खुर्चीत जाऊन बसते पाच मिनिटं. बसण्याबसण्यात फरक असतो.

ते सगळं फोरमनने ऐकलं की नाही कोण जाणे. ती कागदाच्या खालच्या कडेकडे बघत होती. तिथे तिसरी ओळ होती, आणि नव्हतीही. पाती बरोबर रेघेखालून गेली होती. आबांची रेघ सरळ आणि नातीची कापणीही सरळ, त्यांनीच शिकवलेली, त्यामुळे ओळीची अक्षरं तेवढी खालच्या अर्ध्यात गेली, आणि इथे उरली ती कडेला चिकटलेली निळी रेघ. आधी एक छोटी रेघ, तिच्यावर दीर्घ वेलांटी. मग थोडी जागा. मग जरा लांब रेघ, तिच्यावर दोन मात्रा, शेजारी शेजारी. वेलांटी, मात्रा, मात्रा. त्याखाली काही नाही.

तिने बाईला कागद मागितला. आबांचं अक्षर आहे, एवढंच सांगू शकली. बाईने लगेच टाचणी काढली, कागद दोन्ही हातांनी पुढे केला, आणि मग हात जरासा मागे घेऊन, अर्धं थट्टेत अर्धं खरं, म्हणाली, "मग मला कोण सांगणार?"

फोरमनने पडलेल्या मापवह्या उचलून मशीनशेजारी ठेवल्या. ती कागद घेऊन निघाली.

रस्त्यात ती एका बंद दुकानाच्या पायरीवर थांबली, पेन काढलं आणि तळहातावर आबांसारखं लिहून पाहिलं. आधी अक्षरं, मग रेघ. मी देतो. मी नेतो. मी घेतो. वेलांटी आणि दोन मात्रा सगळ्यांनाच बसत होत्या, पण ती वाक्यं आबांची नव्हती. आबांचं वाक्य तिने लहानपणापासून रोज संध्याकाळी ऐकलं होतं. मी येतो.

म्हणजे ते निरोप घ्यायलाच उतरले होते. दमलीस, बस जरा, मी येतो. ती तिथेच पायरीवर बसली आणि येणाऱ्याजाणाऱ्याची पर्वा न करता रडली. एक बाई पाण्याची बाटली पुढे करून गेली. बऱ्याच वेळाने ती उठली. दुःख होतंच, पण त्यात एक बारीकशी निवांतपणाची जागा झाली होती. सांगून गेले. मी ऐकलं नाही, पण ते न सांगता गेले नाहीत. एवढ्यावर माणूस जगू शकतो.

दुकानात घाई तशीच होती. ती कुणाशी न बोलता सरळ वर गेली. आई पाठकोऱ्यावर उद्याची यादी करत होती. उद्या एक वर्ष होणार होतं, आणि त्याचं काय करायचं ते एक तारखेनंतर बघू असं सकाळीच ठरलं होतं. फोरमनने आईपुढे कागद ठेवला आणि वर्षभर गिळलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. ढीग, गठ्ठा, पाती, पॅडं. आईने तिला एका शब्दाने दुखावलं नाही. कागदावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली की येतो म्हणून गेले, चांगलं झालं. नाहीतर मेली ती थंडी, तीच लक्षात राहिली होती.

आणि मग सहज, आठवलं म्हणून, आई पुढे म्हणाली, "थंडी तरी कसली म्हणा. बोटात ते रबराचं टोपण सुद्धा तसंच होतं. सकाळी मी काढून ठेवलं."

फोरमनने विचारलं, कुठलं टोपण. विचारायची गरज नव्हती.

खुंटीवर निळा कोट होता. तिने खिशात हात घातला. रबराचं टोपण हाताला लागलं, कडक झालेलं, आतून आबांच्या बोटाच्या आकाराचं. थंडी वाजली म्हणून कुणी बोटाला टोपण घालत नाही. शालीखाली झाकलेले ते हात तिला आठवले.

निरोप नव्हता तो. त्यांना आपण जाणार आहोत हे माहीतच नव्हतं. नात सकाळपासून उभी आहे, तिच्या पायांत गोळे आलेत, हे वरच्या पायरीवरून दिसत होतं. म्हणून बारा पायऱ्या उतरून, दिलेला शब्द पाळून, त्यांनी विचारलं होतं. तू बस, मी येतो मशीनवर. विचारल्याशिवाय येऊ नका असं तिनेच सांगितलं होतं. एवढा गठ्ठा झाला की बघते, असंही तिनेच सांगितलं होतं. दहा मिनिटांचं काम. म्हणून वर जाऊन त्यांनी कोट घातला, टोपण चढवलं, आणि खुर्चीत तयार होऊन बसले. हाक मारता येत नव्हती. ती हो म्हणेल म्हणून वाट बघत बसले, पाच मिनिटं, दहा मिनिटं, सगळी दुपार, आणि वाट बघता बघता त्यांचा डोळा लागला.

"आई," ती म्हणाली, "त्यांना थंडी नव्हती वाजत."

आईला काही कळलं नाही. फोरमनने कोट खुंटीवरून काढला, छातीशी धरला आणि जिन्याच्या तोंडाशी त्या खुर्चीत जाऊन बसली. वर्षभरात तिथे कुणी बसलं नव्हतं. तिथून खालचं अख्खं दुकान दिसत नाही. कठड्याच्या दोन दांड्यांमधून फक्त कटिंग मशीन दिसतं, आणि मशीनवर उभ्या असलेल्या माणसाची पाठ. आता तिथे बाबा उभे होते. डावा पाय अवघडला म्हणून उजव्यावर भार टाकत होते, मग पुन्हा डाव्यावर. मान एकदाही वर होत नव्हती.

मशीनवरूनच, मागे न बघता, बाबांनी हाक मारली. "फोरमन, येतेस का गं?"

येते, असं ती म्हणाली. ओठ हलले, पण घशातून आवाज निघाला नाही. तिने पुन्हा प्रयत्न केला. बाबांनी पुढचा गठ्ठा सरकवला, दाब खाली आला, पाती उतरली, आणि खालून कुणी वळून वर पाहिलं नाही.